मदत हवी आहे: १९६९ ची मार्टिन डी-२८, लाकूड ब्राझिलियन की इंडियन, आणि किंमत काय धरावी?

नमस्कार मंडळी, गिटारमधल्या जाणकारांनी जरा लक्ष घाला प्लीज. मामा गेल्यावर्षी गेले आणि मामींना त्यांची मार्टिन डी-२८ (अमेरिकन मार्टिन कंपनीची अकूस्टिक गिटार) विकायचीये. मामांनी ती ७८-७९ च्या सुमारास कोरेगाव पार्कात आश्रमात आलेल्या एका जर्मन माणसाकडून घेतली होती, परतीच्या तिकिटाला पैसे हवेत म्हणून त्याने विकली असं मामा सांगायचे. बिल, कागद काहीच नाही, त्यामुळे जे काय ठरवायचं ते गिटारवरूनच.

मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा आत घालून बघितलं. नेक ब्लॉकवर (गिटारचा दांडा पेटीला जिथे जोडतात तो आतला ठोकळा) डी-२८ आणि त्याखाली सहा आकडी नंबर, २४९७ ने सुरू होणारा (शेवटचे दोन मुद्दाम देत नाही). मार्टिनच्या यादीप्रमाणे ६८ संपताना नंबर २४१९२५ पर्यंत गेले होते आणि ६९ संपताना २५६००३, म्हणजे ही ६९ चीच. ठसा लाकडात नीट दबलेलाय, आत मधल्या पट्टीवर कंपनीचा छापही आहे, तेव्हा डुप्लिकेट नसावी. मला अडलंय ते लाकडापाशी.

नेमकं त्याच वर्षी मार्टिनने ब्राझिलियन रोजवूड सोडून इंडियन, म्हणजे आपली शिसवी वापरायला घेतली आणि दोन्हींच्या किमतीत प्रचंड फरक पडतो. शिवाय ब्राझिलियन असेल तर परदेशात विकायला सायटीसची (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवानगी लागणार, १९९२ पासून ते लाकूड त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक परिशिष्टात आहे. मागची पाटी काळपट चॉकलेटी आहे, रेषा बऱ्याचशा सरळ, पण डावीकडे खाली त्या वळून वळून कोळ्याच्या जाळ्यासारख्या झाल्यात. शिसवीत जांभळट झाक असते म्हणतात, ती मला तरी दिसत नाहीये. उजेडातले फोटो प्रतिसादात टाकते.

इथल्या एका दुकानदाराने बघून सांगितलं की लॅकर तडकलंय, घासून नवीन पॉलिश मारू, ब्रिज (तारा पेटीवर जिथे अडकवतात ती पट्टी) बदलू आणि पंचवीस हजार देतो. मला अजिबात पटलं नाही. मूळ फिनिश घालवलं की अशा गिटारची किंमत धाडकन खाली येते, आणि इतक्या जुन्या लॅकरला बारीक तडे असायचेच. खरं काम वेगळं आहे, ब्रिजची मागची कड उचलली गेलीये, कागद आत सरकतो, आणि बाराव्या फ्रेटशी (दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) तारा इतक्या उंच की बोट दाबवत नाही, म्हणजे बहुतेक नेक रीसेट (दांडा काढून योग्य कोनात परत बसवणं).

तर लाकूड खात्रीने ओळखायला फोटो पुरतात का कोणीतरी प्रत्यक्षच बघायला हवं? पुण्या-मुंबईत डोव्हटेल जोड (दांड्याचा खाचेत बसणारा सांधा) वाफेने सोडवून नेक रीसेट करणारा भरवशाचा कारागीर माहितीये का? आणि हे काम आधी करून मग विकावी, की आहे तशीच विकून घेणाऱ्यावर सोडावं? मामींना घाई नाही, पण त्यांना योग्य पैसे मिळावेत आणि गिटार वाजवणाऱ्याच्याच हातात जावी एवढं मला मनापासून वाटतं. गिटार वानवडीला आहे, कोणाला येऊन बघायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.