‘बेल वाजवली तरी सिस्टर येत नाहीत’ : बरं, मग ऐका

रात्रपाळी
एका ज्येष्ठ गृहस्थांची पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय. म्हणणं असं : हल्लीच्या सिस्टर उद्धट, मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, ‘ए आजोबा’ म्हणतात, बेल वाजवली तरी फिरकत नाहीत. पूर्वीच्या म्हणजे साक्षात देवी. खाली टाळ्याच टाळ्या. नाईट उतरून आलेय, झोप उडालीय, म्हणून लिहितेय.

मेडिसिनचा फीमेल वॉर्ड, जिल्हा रुग्णालय. भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात 5 पेशंटमागे एक सिस्टर. काल आम्ही दोघी आणि एक शिकाऊ. खाटा फुल्ल, खाली गाद्या. निम्म्याहून जास्त साठीच्या पुढच्या. त्यांची शीर सापडत नाही, सापडली तर सलाईन लावून पाठ वळवेपर्यंत हात फुगतो. मध्यरात्री आपण कुठे आहोत तेच कळत नाही, मग लघवीची नळी ओढतात, उठून चालू लागतात. पडल्या की मेमो मला. दर दोन तासांनी कूस बदलायची ती दोघींनी मिळून, एकटीनं उचललं तर कंबर जाते. आमच्या इनचार्जची गेलीय. आणि मोबाइल? रिपोर्टचा फोटो डॉक्टरांना पाठवून ऑर्डर घेत असते मी त्यावर.

2022 आणि 2025 मध्ये आम्ही कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर बसलो, तेव्हा हेच टाळ्यावाले ‘पेशंटला ओलीस धरलं’ म्हणत होते.

निवृत्त बँकवाला
पोस्ट माझी नाही, पण खाली सही करायला तयार आहे. बायकोचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा बेडपॅनसाठी किती वेळ थांबावं लागलं ते मला ठाऊक आहे. शेवटी चादर ओली झाली आणि वर तिलाच ओरडा! मी आख्खी नोकरी काउंटरवर काढली. पेन्शनच्या तारखेला रांग रस्त्यापर्यंत जायची, एकाही म्हाताऱ्याला अरेतुरे केलं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टरांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना 42 वर्षं सांभाळलं, अंगाला एक जखम होऊ दिली नाही. सेवा ती.

रात्रपाळी
काका, ते 2015 पर्यंत चालू होतं. म्हणजे त्या ‘हल्लीच्याच’ सिस्टर. आणि एका जणीसाठी आख्ख्या रुग्णालयाच्या पाळ्या होत्या. मला एक आजी द्या, मी पण देवी होते.

कोथरूडची सून
बेडपॅन द्यायला घरचं कोणी नव्हतं का? राग नको, पण दर वेळी हेच. मुलगा अमेरिकेत, सुनेला मीटिंग, आणि राग निघतो सिस्टरवर. आमच्या सोसायटीत अर्ध्या फ्लॅटमध्ये दोन म्हातारे आणि त्यांना सांभाळायला ब्यूरोची बाई. तीही पंधरा दिवसांत बदलते.

परदेशस्थ
आलंच अमेरिकेवर! धागा कुठलाही असो, शेवटी आम्हीच कृतघ्न. आईची औषधं, बाईचे पैसे, विम्याचा हप्ता, सगळं मी बघतो. इथे रात्री जागून डॉक्टरांशी बोलतो. गल्लीपलीकडे राहणारा माझा भाऊ दिवाळीला येतो, त्याला कोणी काही बोलत नाही.

कोथरूडची सून
डॉक्टरांशी बोलता ना? बघा, सिस्टरशी कधी बोललात? सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर असाच एक व्हिडिओ कॉलवाला होता. ‘मॉनिटर दाखवा, चार्ट दाखवा.’ सिस्टर बिचारी हातात फोन धरून उभी. आईला भूक लागलीय का, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

परदेशस्थ
तुम्हाला माझी आई माहीत नाही. तोंड सांभाळून बोला.

चहा-बिस्किट
भांडा निवांत. पण म्हातारे लोक दवाखान्यात उगाच येतात यावर कोणी बोलेल का? आमच्या ग्रामीण रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीवर रोज तेच चेहरे. बीपी बघा, गुडघा बघा. घरी कोणी बोलत नाही म्हणून येतात, आणि खरा आजारी मागे राहतो.

औषधाच्या खिडकीतून
उगाच? गोळ्या पंधरा दिवसांच्या देतात, कधी दहाच. शुगरची असते तर बीपीची संपलेली, ‘सोमवारी या’. एसटी 75 नंतर फुकट आहे म्हणून कोणी सहलीला येत नाही हो.

आणि 70 च्या पुढच्यांना आयुष्मान भारतच्या वय वंदना कार्डावर 5 लाखांचं कव्हर आहे, पण ॲडमिट झालं तर! रोजच्या गोळ्या, तपासण्या खिशातून. मग नुसत्या तपासणीसाठीही ‘ॲडमिटच करून घ्या’ म्हणतात लोक, आणि ते ओझं येतं याच दोन सिस्टरांवर. केंद्राच्या वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा वेगळा कक्ष धरलाय. आमच्याकडे पाटी आहे, आत स्टोअर.

चहा-बिस्किट
गोळ्यांचं पटलं. बाकी उगाच येणारेही असतातच, मी डोळ्यानं बघतो.

निवृत्त बँकवाला
म्हणजे दोष सरकारचा, सुनेचा, मुलाचा, विम्याचा. सिस्टरचा कधीच नाही. छान!

रात्रपाळी
आहे ना दोष. चिडतो आम्ही. मीही एका आजींवर खेकसले आहे, सकाळी त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. पण माझी धाकटी बहीण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून खासगीत लागली. 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही सिस्टरला महिना किमान 20,000 द्या, असं सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं 2016 मध्ये म्हटलं होतं. तिला त्याच्या जवळपासही देत नाहीत. आता जर्मन शिकतेय. 2024 मध्ये राज्यानंच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी माणसं पाठवायचा करार केलाय. तिथल्या म्हाताऱ्यांची कूस बदलायला इथली पोर जाणार. मग बेल वाजवत बसा.

निवृत्त बँकवाला
मोबाइलचं मागे घेतो. ‘ए आजोबा’चं नाही.

रात्रपाळी
नका घेऊ. त्यावरून शिकाऊ मुलींना मीच झापते. झोपते आता, परत नाईट आहे.

परदेशस्थ
विषयांतराबद्दल माफी, पण नाशिकमध्ये रात्रीची बाई देणारा बरा ब्यूरो कोणाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा. कोथरूडच्या ताईंनी केला तरी चालेल.