बँजो पार्टीचा जुना बेस गिटार घेतलाय, फ्रेट काढून टाकू का?

मंद्रसप्तक (रत्नागिरी)
नमस्कार मंडळी. इथल्या एका बँजो पार्टीने बेसचं काम कीबोर्डवर घेतलं आणि त्यांचा जुना बेस मला अडीच हजारांत मिळाला. देशी बनावटीचा, हेडवरचं नाव पुसलेलं.

लाल रंगावर चमकीच्या पट्ट्या चिकटवल्यात, त्यांचा गोंद निघता निघत नाही. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारेखालून पेन्सिल जाते. पहिल्या चार फ्रेटांवर तारांनी खाचा पाडल्यात. दोन पिकअपपैकी (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या) ब्रिजकडचा, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडचा, मुका. आणि गुणगुण अशी, की शेजारच्या काकूंनी मिक्सर चालू राहिलाय का म्हणून विचारलं. तारांना हात लावला की ती थांबते.

माझा बेत: रंग खरवडून लाकूड उघडं करायचं, वर लाखेचं पॉलिश. फ्रेट उपटून फ्रेटलेस करायचा. आत बॅटरीवर चालणारा, सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प. पाच हजार घालायची तयारी आहे. सोल्डरिंग येतं, सुतारकाम नाही. रंगापासूनच सुरुवात करू ना?

ढोलकी_फॅन
आणखी थोडे घालून सेकंडहँड चांगला बेस घ्या की. याच्यावर पाच हजार म्हणजे हौसच.

कथील (डोंबिवली)
हौस आहे म्हणूनच विचारतायत ना त्या!

ताई, रंगाला हात लावू नका. माझं ॲम्प दुरुस्तीचं दुकान होतं, ऑर्केस्ट्रावाले आपले बेस घेऊन यायचे. 'आवाज बसलाय' म्हणायचे, आणि निम्म्या वेळा मी फक्त गंजलेल्या तारा बदलून आणायला सांगायचो. त्यामुळे आधी वाद्य वाजतं करा, मग त्याला नटवा.

त्याच्याही आधी ॲम्पची पिन बघा. टू-पिन असेल किंवा अर्थिंग कापलेलं असेल तर तो ॲम्प वापरू नका. बेसच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे ॲम्पमध्ये गळती झाली की करंट थेट बोटांत. स्टेजवर माइकला ओठ लागून झटका बसलेले गायक मी पाहिलेत.

हात लावल्यावर गुणगुण थांबते ही चांगली खूण आहे. ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे, फक्त शील्डिंग (बाहेरची गुणगुण अडवणारं धातूचं आवरण) नाही. पिकअपच्या आणि पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणांच्या) खळग्यांना आतून तांब्याची चिकट पट्टी लावा, तुकडे एकमेकांना कथलाने जोडा आणि एक वायर ग्राउंडला द्या. हात लावल्यावर गुणगुण वाढली असती तर जॅकवरच्या दोन वायरी उलट आहेत का ते बघायला सांगितलं असतं.

आता नेक, म्हणजे दांडा. नटपासून (हेडजवळची, तारांच्या खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३४ इंच आलं तर लाँग स्केल, ३० च्या आसपास आलं तर शॉर्ट स्केलच्या तारा लागतील. ४५–१०५ चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीचा सेट ३४ इंचांवर सुराला लावला की नेकवर ७५–८० किलोच्या आसपास ओढ येते. वर्षानुवर्षं ती सोसून नेक पुढे वाकतो, तुमची पेन्सिल बहुतेक तिथूनच जातेय. ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईचा, फिरवायचा नट दिसतो का शोधा. तारा थोड्या सैल करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा, मग रात्रभर थांबा. जोर लागला तर सोडून द्या, तुटलेला रॉड काढणं म्हणजे फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) उखडणं. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली की सातव्या-आठव्यापाशी ०.३ मिलिमीटर फट राहिली पाहिजे, जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी.

फ्रेटलेसचा मोह मला कळतो. बेसवादक जेको पास्टोरिअसने १९६२ च्या जॅझ बेसचे (फेंडरचं मॉडेल) फ्रेट काढून फिंगरबोर्डवर बोटीला लावतात तसलं इपॉक्सी चढवलं, तेव्हापासून जगभर लोक पक्कड घेऊन बसलेत. पण मऊ लाकडावर राउंडवाउंड (खरखरीत गुंडाळीच्या) तारा फिंगरबोर्ड खातात, म्हणून फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) घ्याव्या लागतात आणि त्यातच तुमचे निम्मे पैसे जातील. शिवाय वाकडा नेक फ्रेटलेस केला तरी वाकडाच राहतो.

मुक्या पिकअपवर मल्टीमीटर लावा आणि आकडा इथे टाका. प्रीॲम्प आत्ता नको.

तारकरी (मिरज)
कथीलकाकांनी तारांच्या खाचांचा नट राहू दिला. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती उचललेली राहते बघा. केसाएवढीच फट हवी. जास्त असेल तर खाच खोल करावी लागते, नाहीतर खालचे सूर चढे लागतात. प्लॅस्टिकचा नट झिजला असेल तर हाडाचा करून घ्या. इथे सतारीच्या घोडीसाठी हाड लागतंच, उरलेल्या तुकड्यातून बेसचा नट सहज निघतो. जुना नट पाकिटात घालून पाठवलात की मापाचा मिळेल. खाचा मात्र तुमच्या तारा बसवूनच कोरायच्या, आधी नाही.

मंद्रसप्तक
सगळ्यांचे आभार! काका, ॲम्प खरंच टू-पिन निघाला, बाजूला ठेवलाय. स्केल ३४ इंच. ट्रस रॉडचा नट हेडच्या बाजूला आहे, अर्धा फेरा झाला, पेन्सिल आता जात नाही. नेककडचा पिकअप ७.४ किलोओम दाखवतो, ब्रिजकडचा काहीच नाही. आणि पिकअपच्या खळग्यात लाकडाचे थर दिसतायत. म्हणजे प्लायवूड का?

कथील
प्लायवूडच. रंग खरवडला असता तर कडेला थरांच्या रेघा आणि भरलेली पुट्टी दिसली असती, त्यावर लाखेचं पॉलिश काय शोभणार! आवाजाचं फार बिघडत नाही. गोंदावर खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा आणि कापडाने पुसा. थिनर नको, रंगच विरघळेल. अगदीच नको झाला तर गॅरेजवाल्याकडून ड्युको मारून घ्या.

पिकअप: बारीक तार जिथे जाड वायरीला जोडलीय तिथे आधी भिंगाने बघा. बऱ्याचदा तिथेच तुटलेली असते आणि सोल्डरच्या एका डागाने काम होतं. आतून तुटली असेल तर पुन्हा गुंडाळावा लागेल, आणि इथे लोक फसतात. परदेशी माहितीत ४२ नंबरची तार लिहिलेली असते, ती एडब्ल्यूजी (अमेरिकन तारमाप), ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे मोटर रिवाइंडिंगवाले एसडब्ल्यूजी (ब्रिटिश तारमाप) मोजतात. त्यांच्याकडे ४२ मागितलीत तर ०.१ मिलिमीटरची मिळेल, वेढे मावणारच नाहीत. एसडब्ल्यूजी ४६ मागा. आणि जुनी तार सोडताना ती कुठल्या दिशेने गुंडाळलीय ते लिहून ठेवा. दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि मॅग्नेटही उलटे असतील तर दोन्हींचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवल्यावर गुणगुण आपोआप कटते, ती सोय घालवू नका.

फ्रेटांच्या खाचा किती खोल आहेत त्याचा जवळून फोटो टाका. नुसत्या घासून भागेल का, ते बघून सांगतो.