आई-बाबांना घेऊन मोटरहोमने बोडनझे: गाडी कोणती घ्यावी, वाटेत काय बघावं?

कृष्णाकाठ_स्टुटगार्ट
नमस्कार मंडळी. जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा येताहेत. आम्ही दोघं आणि मुलं (९ आणि ५ वर्षं) धरून सहाजण. मोटरहोम (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन जर्मनीच्या दक्षिण टोकाच्या बोडनझे या मोठ्या तळ्याला जायचा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात. बाबांची उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे त्यांना यंत्रांचं एखादं म्युझियम दाखवायचंच आहे. एका गाडीच्या जाहिरातीत 'सहाजण झोपू शकतात' असं आहे. घेऊ का?

उल्मची_काकू
आधी पट्टे मोज, बिछाने नंतर. सहाजण झोपतात अशा बऱ्याच गाड्यांत पट्टा लावून बसायला जागा चौघांचीच असते. नोंदणीच्या कागदावर बसायच्या जागांचा आकडा असतो, तो फोटो मागवून घे. दोन्ही मुलांना चाइल्ड सीट लागणार (इथे १२ वर्षं किंवा १५० सेंटीमीटर उंची होईपर्यंत), तेव्हा त्या जागांना तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आहे का, तेही विचार.

दुसरं वजन. साध्या बी लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, त्यात माणसं, सामान, पाणी सगळं आलं. मोठ्या गाड्या रिकाम्याच तीन टनांच्या आसपास भरतात. १०० लिटर पाणी भरलं की १०० किलो तिथेच गेले. आईंनी कुकर, पोळपाट आणि पाच किलो पीठ बरोबर घेतलं तर त्यांना नाही म्हणू नकोस, पाणी निम्मं भरून निघ आणि मुक्कामाला पोचल्यावर टाकी भर.

आईंना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बिछान्यात अजिबात चढवू नकोस. तिथे मुलं आनंदाने झोपतील. आईंना खालचा, रात्री उठून बाथरूमला जाता येईल असा बिछाना दे.

डिझेल_दादा
काकूंशी सहमत. टॉयलेटची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी) कशी काढायची आणि कुठे रिकामी करायची, हे गाडी ताब्यात घेतानाच करून बघा. आणि गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, तीन मीटरच्या वर असते. पार्किंग गॅरेजच्या वाटेला जाऊच नका.

कृष्णाकाठ_स्टुटगार्ट
मनापासून आभार! चारच पट्टे निघाले, ती गाडी बाद. म्युझियमचं सांगा ना काकू.

उल्मची_काकू
बाबांसाठी बाड वाल्डझेचं एर्विन हायमर म्युझियम. २०११ साली उघडलं, आणि आहे चक्क मोटरहोम आणि कॅराव्हानच्या (कारमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) इतिहासाचंच! एरिबा या ब्रँडच्या जुन्या छोट्या कॅराव्हानपाशी बाबांना निवांत उभं राहू दे. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर उचलता येणारं छप्पर. एरिश बाखेम हा मुळात विमानांचा इंजिनिअर, त्याने १९५७ साली एर्विन हायमरबरोबर पहिली कॅराव्हान बांधली. एस.टी.ची बॉडी बांधलेल्या माणसाला ती जोडणी आपल्यापेक्षा जास्त कळेल. माझ्या सासऱ्यांनी तिथे खाली वाकून चासी बघितली आणि आम्हा सगळ्यांना समजावून सांगितली. इतके मोकळे बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलंय.

मुक्काम त्याच गावात, थर्मजवळच्या (गरम पाण्याच्या स्नानगृहाजवळच्या) श्टेलप्लाट्झवर, म्हणजे मोटरहोम उभ्या करायच्या तळावर करा. आईंचे गुडघेही गरम पाण्यात शेकले जातील.

दुसऱ्या दिवशी फ्रीडरिक्सहाफेनचं झेपेलिन म्युझियम, जुन्या बंदर स्टेशनाच्या इमारतीत. हिंडेनबुर्ग या प्रवासी हवाई जहाजाचा (झेपेलिनचा) ३३ मीटरचा भाग तिथे पूर्ण आकारात पुन्हा बांधलाय (मूळ जहाज २४५ मीटर लांब होतं!) आणि आत जाता येतं. केबिनमध्ये एकावर एक बिछाने, घडीचं बेसिन, खुर्च्या अ‍ॅल्युमिनियमच्या. तिथेही किलो-किलोचा हिशेब होता. तुझ्या नऊ वर्षांच्या लेकराला तो गाडीशी ताडून बघायला सांग, बघ कसा रमतो.

आणि एवढं माझं ऐक: एका दिवशी एकच म्युझियम. लिंडाऊ, माइनाऊ सगळं त्याच दोन दिवसांत कोंबू नकोस. आईंना दुपारी तळ्याकाठी खुर्ची टाकून दे, चहा गाडीतच होतो. गाडी ठरली की कागदाचा फोटो इथे टाक, वजनाचा आकडा मी बघून देते.