जुनी पिकअप माल भरल्यावर अडखळते, पंप खोलू का?

संत्रावाला:
राम राम मंडळी. गाडी 2008 ची डिझेल पिकअप, टर्बोवाली, पण कॉम्प्युटर-गिंप्युटर काही नाई, इंजिनाले डिझेल देणारा जुना मेकॅनिकल पंप हाये. वरूडकडून काटोलमार्गे नागपूरच्या कळमना मार्केटले संत्रा नेतो, 50 कॅरेट म्हणजे टनभर माल. महिना झाला, चढ लागला का गाडी अडखळते. तिसऱ्यात पाय दाबला तं एक क्षण काहीच नाई, मंग झटका मारून उचलते. उभ्या गाडीत रेस दिली तं आवाज एकदम साफ.

डिझेल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला, नोझल काढून टेस्ट केले. फरक शून्य. खाली वाकून पाह्यलं, कुठं डिझेलचा थेंब नाई. मिस्त्री म्हणते पंप गेला, खोला लागते. पंप अमरावतीले पाठवला का आठ-दहा दिवस गाडी उभी, आन् खर्चाचा आकडा तो काही धड सांगून नाई रायला. इकडं आंबिया बहाराचा संत्रा तोडणीवर आला. फळ काय माह्या पंपासाठी झाडावर थांबून राहीन? खोलू का नको, तेवढं सांगा.

जुना_नोझलवाला:
भाऊ, पंपाला एवढ्यात हात लावू नका. अडखळते तेव्हा धूर कसा असतो? सकाळी पहिल्या सेल्फला लागते का? आणि टाकीत डिझेल किती असताना हे होतं?

संत्रावाला:
धूर नाई. काळा तं बिलकुल नाई. सकाळी फिल्टरवरचा हातपंप दहा-बारा वेळा मारल्याशिवाय लागत नाई, मले वाटलं थंडी पडली म्हणून. टाकीकडं कधी ध्यान नाई देलं. पण तुम्ही विचारलं तं आठवलं, सोमवारी टाकी फुल करून माल भरून गेलो, कळमन्यापर्यंत काहीच नाई झालं. दोन दिवसांनी टाकी पावावर होती, गाडी रिकामी, तरी झटके. मी म्हणे हे उलटं कसं?

जुना_नोझलवाला:
उलटं नाही, सरळच आहे. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. मग एअर फिल्टर, टर्बोचा होज बघायचा. तुमच्याकडे धूरच नाही, म्हणजे डिझेल पुरत नाही. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथल्या रबरी पाइपाला भेग पडली की चालू गाडीत डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली ओल दिसत नाही आणि मिस्त्री लोक 'लीकेज नाही' म्हणून पंपावर येतात. टाकी खाली गेली की ओढ वाढते, हवा जास्त शिरते. रात्रभर उभी राहिली की लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतं, सकाळी हातपंप.

एक करा. टाकीकडून येणारा पाइप फिल्टरपाशी काढा. तिथं पारदर्शक डिझेल पाइप लावून दुसरं टोक पाच लिटरच्या डबकीत सोडा. रिटर्नचा पाइपही त्याच डबकीत, नाहीतर तुमचं डिझेल बघता बघता टाकीत जाईल. डबकी टर्बो-सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधा, आणि बिडीवाल्याला जवळ उभं करू नका. अशी चढावर चालवा. साफ चालली तर पंप निर्दोष.

वणीचा_कापूसवाला:
माह्या गाडीले बी असंच होतं, पण टाकीतली जाळी चोक निघाली. आम्ही कॅननं डिझेल टाकतो, त्यातला कचरा. फरक एवढाच का मले सकाळी हातपंप लागत नव्हता. आन् अडखळल्यावर बंद करून पाच मिनिटं थांबलो का पुन्हा चालायची. जाळी बी पाहून घ्या, टाकी उतरवलीच तं.

संत्रावाला:
केलं भाऊ! डबकीवर गाडी सुसाट, तिसऱ्यात चढ चढली. मंग टाकीची लाइन पुन्हा जोडली, मधात पारदर्शक पाइपाचा तुकडा ठेवला. रेस देली तं बुडबुडेच बुडबुडे, सोड्याच्या बाटलीसारखे. पाइप हातानं चाचपत गेलो. चेसिसच्या पट्टीवर क्लिप तुटली होती, तिथं घासून घासून रबराले वरच्या बाजूनं चीर. खालून दिसूच शकत नाई. आता खरं सांगतो, ती क्लिप मीच तोडली होती, उन्हाळ्यात टाकी धुताना. तार बांधून देली होती आन् विसरलो.

डिझेलवाला नवा होज, दोन क्लॅम्प, एक क्लिप. दोनशेच्या आत काम. जाळी बी साफ केली. आज सकाळी अर्ध्या सेल्फमधी लागली. मिस्त्रीले सांगितलं तं म्हणते, "मी तेच म्हणणार होतो." उद्या माल भरतो, टाकी फुल करून निघतो.

जुना_नोझलवाला:
फुल नको हो! पावावर ठेवूनच निघा. फुल टाकीवर तर ती आधीही चालतच होती.

संत्रावाला:
बराबर. पावावर नेतो, डबकी संगं ठेवतो.