'का' विचारू नकोस, कागद माग

एसवाय बीए, पत्रकारितेची आवड, सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. कोर्स नंतर बघ. आधी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाक. साधा कागद, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, नवखे तिथेच अडकतात. दुसरी चूक म्हणजे 'रस्ता का खचला?' असं विचारणं. 'का'चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. त्याऐवजी त्या कामाचा कार्यादेश (कंत्राटदाराला काम दिल्याचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तिका (कंत्राटदार तिला 'एमबी' म्हणतात) आणि बिलांच्या प्रती माग. पानाला २ रुपये. रस्त्याच्या थराची लांबी, रुंदी, जाडी एमबीत लिहिलेली असते. मग टेप घेऊन रस्त्यावर जा. अर्जाची पोच मात्र घेच, कारण ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर अपिलाला तीच लागते.