घागर फुंकताना अंगात येतं, ते नेमकं काय?

मनवा_ठाणे
लग्नानंतरची माझी पहिली महालक्ष्मी. सासर कोकणस्थ, माहेर देशस्थ, त्यामुळे सगळं नवीनच. अष्टमीच्या संध्याकाळी उकडीच्या मुखवट्याची देवी उभी केली, रात्री घागरी धुपावर धरल्या आणि फुंकायला सुरुवात. मीही फुंकली. थोड्याच वेळात बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. घुमणारा आवाज माझ्या घागरीतून येतोय की शेजारणीच्या, तेच कळेना. घाबरून खाली बसले.

चुलत सासूबाई मात्र नाचतच राहिल्या आणि त्यांच्या अंगात आलं. एरवी काकांपुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यांनी काकांना "अरे, इकडे ये" म्हणून बोलावलं आणि धाकटीला पुढे शिकू दे, असं सुनावलं! काकांनी मुकाट्याने हात जोडले. नवरा म्हणतो, नाटक. मला नाही तसं वाटलं. डोक्यात काय होत असेल?

रोखठोक
नाटकच. धाकटीच्या शिक्षणाचं देवीला काय पडलंय?

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ. श्वास आणि शुद्ध हे रोजचेच विषय, म्हणून लिहितो.

मुंग्यांचं सोपं आहे. धमनीतल्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ४० मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो. जोरजोरात फुंकत राहिलं की तो भराभर उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि दर मिलिमीटरमागे तिथला रक्तपुरवठा साधारण ३ टक्क्यांनी घटतो. रक्तातलं मोकळं कॅल्शियमही कमी होतं, म्हणून मुंग्या. फार ताणलं तर बोटं वाकडी होतात. गंमत म्हणजे रक्तात ऑक्सिजन तेव्हाही भरपूर असतो.

पण नुसत्या श्वासाने देवी येत असती, तर ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीच्या, खोलीत रोज आली असती. तिथे पेशंटला मुद्दाम तीनेक मिनिटं असाच श्वास घ्यायला लावतात. गरगरतं, बस. कुणी कौल देत नाही. घागरीभोवती मात्र लय असते, धूप असतो, जागरण असतं, आणि आता येणार म्हणून टक लावून बसलेलं अख्खं घर असतं. त्यात काही माणसं मुळातच चटकन तल्लीन होणारी. संमोहनही त्यांच्यावर लवकर चालतं.

एरिका बूर्गिन्यों या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली ४८८ समाजांचा आढावा मांडला. ९० टक्के समाजांत भान बदलण्याच्या काही ना काही रूढ रीती होत्या. तेव्हा हे खूळ एकट्या कोकणस्थांचं नाही. आजार म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'अंगात येणं' हा विकार आहे खरा, पण रूढीत बसणारं आणि त्या माणसाला जाच न होणारं अंगात येणं त्यातून वगळलंय.

आक्का_देवरुख
रोखठोक, माझ्या अंगात यायचं. नाटक करताना आपण करतोय हे ठाऊक असतं की नाही? इथे हात माझा दिसायचा, हलवणारी मी नसायचे. लोकांचं बोलणं लांबून, विहिरीतून आल्यासारखं. नंतर अर्धंमुर्धं आठवायचं. सासूबाई गेल्या, घर माझ्या हातात आलं, आणि तेव्हापासून एकदाही आलं नाही. डॉक्टर, ह्याचा अर्थ तुम्हीच लावा.

भूलवाला
आक्का, अर्थ तुम्हीच लावलात! आय. एम. लुइस या अभ्यासकाला सोमालियात हेच दिसलं होतं. तिथल्या बायकांच्या अंगात येणारे 'सार' नावाचे आत्मे नवऱ्याकडे उंची कपडे, अत्तर, चांगलंचुंगलं खायला मागायचे. नवरा बायकोला गप्प बसवेल, साराला कसा बसवणार? म्हणून ते ढोंग ठरत नाही. जाणिवेचा पहारा ढिला झाला की आत साचलेलंच आधी बाहेर येतं, असं माझं मत.

रोखठोक
बरं, नाटक शब्द मागे. पण कौल मागणं बंद करा. कुणाच्या तोंडून काय निघेल आणि ते कुणावर शेकेल, भरवसा नाही.

सुमेधा_के
माझ्या भाचीला लहानपणी फिट्स यायच्या, गोळ्या अजून चालू आहेत. यंदा तिची पहिली महालक्ष्मी. फुंकू दे का?

भूलवाला
नको. ईईजीत तसा श्वास घ्यायला लावतात तो लपलेली फिट वर काढायलाच. पूजा करू दे, ओटी भरू दे, घागर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. आणि जागरणही नको, झोप मोडली तरी फिट येते.