'के-ऑन!'च्या मागचा स्टुडिओ

जपानी हायस्कूलवरच्या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, कोणत्या बघाव्यात असा विषय निघाला की 'के-ऑन!' या शाळकरी मुलींच्या बँडवरच्या मालिकेचं नाव येतंच. ती बनवणाऱ्या क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओबद्दल थोडं सांगतो.

१९८१ मध्ये योको हात्ता यांनी शेजारच्या गृहिणींना सोबत घेऊन दुसऱ्या स्टुडिओंसाठी सेल (अ‍ॅनिमेशनच्या चित्रांचे पारदर्शक कागद) रंगवून द्यायचं काम सुरू केलं, त्यातून हा स्टुडिओ उभा राहिला. तोही तोक्योत नव्हे, क्योतोजवळच्या उजी शहरात. चित्रकारांना नगावर न राबवता महिन्याच्या पगारावर ठेवायचं, ही त्यांची पद्धत या धंद्यात दुर्मीळच. माझ्या मते पडद्यावर ते दिसतं. घाईत उरकलेलं काही सापडत नाही.

'के-ऑन!'मधल्या शाळेच्या जिन्याचा कठडा नीट बघा, त्यावर कासव बसलंय. शिगा प्रांतातल्या तोयोसातो गावच्या जुन्या प्राथमिक शाळेत खरोखरच असा कठडा आहे, ससा-कासवाच्या गोष्टीचा.

पण कुणी एकच सुचवा म्हटलं, तर मी 'हिबिके! युफोनियम' (२०१५) सांगेन. शाळेचा वाद्यवृंद, गाव उजीच. आठव्या भागात गावात जत्रा भरलेली असताना वाद्यवृंदातल्या कुमिको आणि रेइना दोघीच वाद्यं घेऊन डोंगर चढतात आणि खाली लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बघत वाजवतात. तेवढ्यासाठी तरी बघाच.

नंतर 'ह्योका' (२०१२) घ्या. तिचे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो १८ जुलै २०१९ ला याच स्टुडिओत झालेल्या जाळपोळीत गेले. त्या दिवशी स्टुडिओची ३६ माणसं गेली. श्रेयनामावली पुढे ढकलू नका, ती नावं वाचा.